सारखा चीत होणारा जपानी पैलवान

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या घरी पूजेत एक नवा मेंबर होता. मिक्सर, शिलाई मशीन, नवऱ्याचे पाने-पक्कड... आणि मधोमध माझ्या गुडघ्याच्याही वर येणारा जपानी रोबो!

गोष्ट दोन हजार सालानंतरची, कोल्हापुरातली. माझा धाकटा भाऊ कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला गेला होता. लोक तिकडून कॅमेरे आणतात, यानं बहिणीसाठी रोबोचं मॉडेल आणलं... खोका टीव्हीच्या खोक्याएवढा. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसणारी मीच, ते पठ्ठ्या विसरला नव्हता.

खोका उघडला तर आत रोबो नाहीच! नुसत्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले शेकडो तुकडे. माहितीपत्रक सगळं जपानीत, पण चित्रं इतकी स्वच्छ की वाचायची गरजच पडेना. तुकडा तोडायचा, राहिलेलं टोक घासायचं आणि एकात एक दाबून बसवायचं. नेलकटर आणि छोटी कानस, एवढ्यावर मी सगळं निभावलं.

पसारा मांडला होता आबांच्या खोलीत, कारण जागा तिथंच होती. आबा म्हणजे माझे सासरे... एके काळचे तालमीतले नावाजलेले पैलवान. जिन्यावरून घसरून त्यांचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, हाड जुळलं. आता चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पण आबा कॉट सोडतील तर शप्पथ! वॉकर आणला तर त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्यो पांगुळगाडा धरून चालू व्हय मी? गल्ली हसंल की!"

सगळ्यांनी समजावून झालं. मी तर एकदा चक्क भांडले त्यांच्याशी... माझा फार जीव होता त्यांच्यावर, म्हणूनच राग यायचा. मग हळूहळू लक्षात आलं, गल्लीचं वगैरे सगळं वरवरचं होतं. एवढा मोठा गडी घाबरला होता... तो पाय जमिनीला टेकवायचीच त्याला भीती वाटत होती.

मग मी तो विषयच सोडला आणि गुपचूप रोबो जोडत बसले. आबा पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. नंतर कूस बदलली. मग कॉटवरून शेरे सुरू झाले.

छाती तयार झाली तेव्हा म्हणाले, "झाक हाय." दंडसुद्धा पास झाले. पाय लावले आणि आबांचं तोंड वाकडं झालं... "पिंडऱ्या कुठं हायत गं? वरनं पैलवान, खालनं उदबत्ती!"

खोटं नव्हतं ते. पाठीवर हे भलंमोठं यंत्र आणि खाली इवलीशी पावलं. उभा केला की रोबो पाठीवर आडवा! शेवटी मी त्याला भिंतीला टेकवला आणि काम झालं म्हणून जाहीर करून टाकलं.

खंडेनवमीची पूजाही आबांच्याच खोलीत मांडली. सासूबाई झेंडूच्या माळा घेऊन आल्या. एवढ्या लांबून आलाय, त्याला मध्ये ठेव म्हणाल्या. मध्ये कुठली आली भिंत... ठेवला, पडला. उचलला, पुन्हा पडला. पुढच्या वेळी तर हातच निखळून कॉटखाली गेला. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला, "अगं सारखं चीत हुतंय की ते! सणाच्या दिवशी बघवंना मला. पाय जोडून उभा केलास तर पडंलच की, परेड हाय व्हय? एक पाय फुडं घे. गुडघं मोड. कंबर खाली बसव."

मी केलं तसं. "तसं न्हाय गं..." पुन्हा केलं. "आगं तसं न्हाय!" आता मात्र मीही वैतागले. खाली मान घालून त्याचा निखळलेला हात बसवत राहिले.

"सरक," असं अगदी जवळून ऐकू आलं. वर बघते तर आबा! एक हात शिलाई मशीनवर आणि तोच मोडलेला पाय पुढे टाकून, गुडघ्यात किंचित वाकून... कुस्तीचा अस्सल पवित्रा. "हे असं. बघ नीट."

सासूबाईंच्या हातातली माळ हातातच राहिली. बोलू नका, असं मी त्यांना डोळ्यांनीच खुणावलं. आबांकडे बघत बघत मी रोबोचे पाय वळवले, गुडघे वाकवले, कंबर बसवली... आणि उभा राहिला की हो! माळ घातली तरी हलला नाही.

"आत्ता कसं!" म्हणत आबा वळले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, कॉट मागे लांब राहिलीय. चेहरा पार उतरला. मी नुसती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. क्षणभर इकडेतिकडे बघून ते पुटपुटले, "आण तो पांगुळगाडा. सणाचं कोण येतंय बघायला."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी मात्र सरळ रडले... रोबोला मिठी मारून.

दिवाळीपर्यंत आबा वॉकर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागले. हसलं कुणीच नाही. उलट तेच सगळ्यांना थांबवून सांगायचे, "जपानी पैलवानाला पवित्रा शिकवलाय म्या!"

भावाचा फोन आला तेव्हा त्याला मॉडेलचा रिपोर्ट हवा होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं... फिटिंग एक नंबर, कोपर ढिलं, स्टिकर निघतात, आणि पायांत काही दम नाही. बिचारा हिरमुसला. "म्हणजे बेकारच निघालं की गं ताई."

म्हटलं, अरे वेड्या, ते पहिल्या दिवशीच ताठ उभं राहिलं असतं ना, तर आबा अजून कॉटवरच असते!

ज्या कुणी त्या कारखान्यात बसून ते पाय इतके बारीक काढले... त्याचं खूप खूप भलं होवो.