कुत्र्याला पाजलेलं कॅल्शियम

आमचा कुत्रा मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी मारला, असं मी बोरी गावात चार वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे.

कुत्रा नऊ वर्षांचा होता. त्या उन्हाळ्यात तो गाईंच्या हौदाला तोंड लावून पाणी पीतच राहायचा, जागोजागी मुतायचा. मग खाणं सुटलं, मागचे पाय लटपटू लागले. सकाळी दूध घालताना मी डेअरीवर विषय काढला. तिथं कॅन घेऊन उभा राहणारा प्रत्येक जण स्वतःला जनावरांचा डॉक्टर समजतो. मी सगळ्यांत जास्त; माझ्या गोठ्यात आठ गाई.

"पाय गेलं म्हंजी कॅल्शियम कमी, भाऊ. व्यालेली गाय बसती, तसंच हाय ते," एक जण म्हणाला.

गाईंच्या कॅल्शियमची बाटली घरात होतीच. गाईला शंभर मिली, तर कुत्र्याला वीस, असं मीच ठरवलं आणि पाजू लागलो.

फरक पडेना, तेव्हा मंचरला नेला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान. रक्त तपासून म्हणाल्या, "काका, याच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. घरी काही पाजलंत का?"

"नाय."

पोरीसमोर अडाणी दिसायचं नव्हतं. एवढंच कारण.

सोनोग्राफीत एका मूत्रपिंडात गाठ निघाली. कॅन्सरच असावा, आणि अशा गाठीनंही रक्तातलं कॅल्शियम वाढतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. तहान त्यामुळे, पाय त्यामुळे. दुसरं मूत्रपिंड चांगलं होतं. "सलाईननं कॅल्शियम खाली आणू, मग गाठीचं मूत्रपिंड काढून टाकू. आशा आहे, काका."

मी रोज त्याला सलाईनला नेत होतो आणि घरी आल्यावर बाटली पाजत होतो. रक्तात कॅल्शियम आलं ते हाडांतूनच आलं असणार, मग हाडांना दिलंच पाहिजे, हे माझं शहाणपण. बाई पुन्हा पुन्हा रक्त तपासत. कॅल्शियम उतरेना, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलत. सहाव्या दिवशी कुत्रा गेला.

"सलाईन लावून लावून मारला," मी डेअरीवर सांगितलं.

"पोरीबाळींच्या हातात जनावर देत्यात व्हय!" सगळे खूश. बाईंना गोठ्यावर बोलावणं बंद झालं. वर्षभरात त्यांनी दवाखाना बंद केला.

गेल्या महिन्यात त्याच डेअरीवर मी खरं सांगितलं: कॅल्शियम उतरत नव्हतं ते माझ्या बाटलीमुळे.

"कुत्रंच व्हतं की, राव! लई मनाला लावून घेता."

"आणि बाई?"

एकानं आपल्या दुधाला फॅट किती लागली ते विचारलं. बाकीचे फॅट मोजायच्या मशीनकडे बघू लागले. मी चार वर्षं ज्यांची वाहवा घेतली, ती ही माणसं.

मग बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "रोज किती मिली?"

"वीस. सकाळ-संध्याकाळ."

मग म्हणाल्या, "त्याचे रिपोर्ट अजून आहेत माझ्याकडे. माझं काय चुकलं ते शोधत होते." मी माफी मागितली. ती त्यांनी दिली नाही, नाकारलीही नाही. "डेअरीवर सांगितलंत हे?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

ते मला त्यांना सांगता आलं नाही.