पुढच्या चाकाचं बेरिंग

उद्यमनगरातला तो मिस्त्री भलताच उद्धट होता. नंबर लावून चार वर्षांनी मिळालेल्या माझ्या मोटारसायकलचं पुढचं चाक डुगडुगू लागलं, तेव्हा मी स्वस्तातलं नवं बेरिंग घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं ते बोटावर फिरवलं, कानाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

“पावणं, ह्ये बेरिंग न्हवं, खुळखुळा हाय.”

“बसवा हो. उद्या बायकोला घेऊन गगनबावड्याला जायचंय.”

“मग तर न्हाईच बसवत. घाटात चाक अडकलं तर त्या बाईचा काय गुन्हा? चांगलं आणा, न्हाईतर यष्टीनं जावा की!”

हा मला शिकवणार! मी तेच बेरिंग दुसरीकडे बसवून घेतलं.

घाटात चाक अडकलं. बायकोचा हात मोडला. दवाखान्यात तिनं विचारलं, “मिस्त्री काही बोलला नव्हता?”

“छे! त्या अडाण्यांना काय कळतंय,” मी म्हणालो.