शेजारणीची वाटी

आमच्या गावच्या, जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी जेमतेम टेकायची आणि तेवढ्यात आईला जगातलं सगळं सांगायचं असायचं. कॉम्प्युटर शिकायला मी घर सोडलं, तेव्हा खिडकीपाशी धावत तिनं शेवटचं सांगितलं ते हे: "कोनाची वाटी रिकामी परत करू नको, पोरी." मला हसू आलं. होस्टेलात कसल्या आल्यात वाट्या!

पुढं सॉफ्टवेअर कंपन्यांत राबले. आता बेंगळुरूच्या एका बिझनेस स्कूलमध्ये नॉलेज मॅनेजमेंट शिकवते. म्हणजे माणसांच्या डोक्यातलं शहाणपण, माणूस जायच्या आत, कंपनीच्या कामी कसं लावायचं ते. गावाकडच्यांना हे समजावताना माझी अजून भंबेरी उडते. आम्ही कंपन्यांसाठी मोठमोठी पोर्टलं बांधली, ज्यानं त्यानं आपलं ज्ञान तिथं टाकावं म्हणून. बहुतेक ओसच पडली.

बाबा गेले आणि मी आईला इकडं आणलं. कायमचंच, असं माझ्या मनात होतं. आल्या आल्या तिनं समोरच्या फ्लॅटमध्ये वाटीभर झुणका दिला. वाटी परत आली ती सिक्युरिटीवाल्याच्या हाती, लख्ख घासलेली, आत आभाराची चिठ्ठी. "काहून व, यायच्या घरी काही शिजत नाही काय?" आईनं विचारलं. माणसं भली होती. त्यांच्या लेखी विषय तिथं संपला होता. आमची पोर्टलं का ओस पडली, ते मला त्या वाटीपाशी कळलं. टाकणाऱ्याकडे तिथून काहीच परत येत नसे.

आई हळूहळू बोलेनाशी झाली. एक दिवस म्हणाली, "मले घरी नेऊन दे. इथं मी कोनाच्याच देन्याघेन्यात नाही."

"माझ्या आहेस ना?"

"तू तं पोटची हायेस. तुयासंगं कायचं देनंघेनं?"

मला ते फार लागलं. पण नेलं. कुलूप उघडतोय तोच शेजारच्या शांताकाकू वाटीत आंबाडीची भाजी घेऊन हजर. "आली काय व माय?" आई जी बोलायला लागली, ती मी निघेपर्यंत. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला.

बेंगळुरूला बॅग उघडली, तर कपड्यांत काकूंची तीच वाटी. चुकून आली, असं आईला फोनवर सांगितलं.

"चुकून कायले? म्याच ठेवली. भरून घेऊन ये आता."

वाटी ओट्यावर ठेवली आहे, दिसेल अशी. मॅडम, तुमचं घर कुठलं, असं विद्यार्थी विचारतात. पूर्वी मी इथला पत्ता सांगायचे. आता सांगते, जिथं माझ्याकडून एक वाटी जायची आहे, ते.