निर्णयाचा रकाना

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. लिफ्ट अडकली तर मी मेंटेनन्सवाल्याला फोन करतो, मारुतिस्तोत्र म्हणत बसत नाही.

राहतो नाहूरला. बावीस वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर. हॉस्पिटलचं शिफ्टिंग, शाळेचं सॉफ्टवेअर, गोदामाचं बांधकाम... पडेल ते केलं. आणि आता कॉन्ट्रॅक्टसाठी कुठेही फोन केला की एकच रेकॉर्ड — "सर, तुमचं डोमेन काय? म्हणजे खास क्षेत्र कुठलं?" अरे, काम वेळेत पुरं करणं हे डोमेन नाही का?! आठ महिने हेच चाललंय. शेवटी बायको म्हणाली, "हा अंधेरीचा इंटरव्ह्यू शेवटचा हं. नाही झालं तर माझ्या दादाच्या हार्डवेअरच्या दुकानात बस." मी हो म्हणालो.

मला एक खोड आहे. कुठलीही मीटिंग असो, मिनिट्सचं पान आदल्या दिवशीच डायरीत आखून ठेवतो. वर 'हजर', मग 'मुद्दे', सगळ्यात खाली 'निर्णय'. रकाने रिकामे. याही वेळी आखलं आणि डायरी बॅगेत टाकली.

सकाळी अकराला त्या ऑफिसच्या रिसेप्शनवर बसून डायरी उघडली... पान भरलेलं! अक्षर माझंच. 'हजर दोघे, मॅडम सुटीवर. एसी बंद, खोली बदलली. डोमेन विचारलं. मी चिडलो.' म्हटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला आपल्या.

आत दोघेच होते. "इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडम आज सुटीवर आहेत, सर." पाच मिनिटांत एसी बंद पडला आणि आम्ही शेजारच्या खोलीत गेलो. ठरवलं, काहीही झालं तरी चिडायचं नाही.

"सर, तुमचं नेमकं डोमेन?"

मी हसून सगळं सांगितलं.

"म्हणजे तसं डोमेन काहीच नाही ना?"

टाळकंच सरकलं. "ज्या कामाला कोणी वाली नसतो ना, ते माझं डोमेन!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कळवतो, सर."

बाहेर येऊन पान पुन्हा पाहिलं. मुद्द्यांत शेवटची ओळ, मघाशी घाईत वाचायची राहिलेली — 'कळवतो म्हणाले.' खाली 'निर्णय'... रकाना कोरा.

घरी बायकोला दाखवलं. "झोपेत लिहिलं असशील," म्हणाली.

"आणि एसी? तोपण झोपेत बंद पाडला?"

तिने पान पुन्हा एकदा वाचलं.

तीन आठवडे झाले. मेल केले, फोन केले, कोणी उचलेल तर शपथ! साधं 'नाही' म्हणायला काय जातं रे यांचं? आणि ते पान ज्याने कुणी भरलं, त्याला एसी बंद पडणार ते ठाऊक, माझं काय होणार तेवढं ठाऊक नाही! तरी मी रोज सकाळी उठून तो रकाना बघतो.

उद्यापासून दुकानात जायचं ठरलं होतं. आज उठलो, तर बायको ओट्यापाशी डायरी उघडून उभी. मला बघून तिने ती पटकन मिटली.

"रकाना कोराच आहे रे," ती म्हणाली. "दादाला सांगते, अजून आठवडाभर थांब म्हणून."