गणूमामाचं निःपक्ष मत

आमच्या घरात सगळे निर्णय लोकशाहीनं होतात. फक्त मतमोजणी मी करतो.

त्यामुळे आमच्या प्रतीक्षाला बी.एस्सी. झाल्यावर दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला, तेव्हा मी सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं, "पोरी, तुझा निर्णय तूच घे. मी मधी पडणार न्हाई!"

एक विद्यापीठ सरकारी, आमच्या वडवणीहून सकाळी एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचवणारं. फी हलकी, इमारती जुन्या. दुसरं पार पुण्याच्या पलीकडं, खाजगी. प्रयोगशाळा अशी चकचकीत की चपला बाहेर काढाव्या वाटतील! तिथल्या फीचा आकडा ऐकून मी सहज दारातल्या मेंढ्यांकडं बघितलं, तर त्या माझी नजर चुकवायला लागल्या.

पण लांबचं नको वाटण्याचं खरं कारण फी नव्हतं. लांब गेली की पोरगी तापानं फणफणली तरी फोनवर "बरी हाय" म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. (हे मी कुणाला सांगणार? मी तर मधी पडणार नव्हतो!)

म्हणून मेंढ्यांना पाणी पाजायच्या निमित्तानं मागं गेलो आणि मेव्हण्याला फोन लावला. आमचा गणू त्या जवळच्या विद्यापीठात शिकलेला आणि आता लांबच्याच्या शेजारी नोकरीला. म्हणजे दोन्हीकडचा जाणकार, आणि प्रतीक्षा त्यालाच विचारणार होती.

"गणू, संध्याकाळी प्रतीक्षा तुला विचारंल. लांबच्या विद्यापीठाला जरा नावं ठेवायची."

"पण दाजी, ते तर लई चांगलं हाय!"

"म्हणून तर तुला फोन केला बे! वाईट असतं तर म्याच सांगितलं असतं की."

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी फोन स्पीकरवर टाकून बाजेवर ठेवला. एका बाजूला प्रतीक्षा, दुसऱ्या बाजूला आमच्या सौभाग्यवती लता.

"गणू," मी न्यायाधीशाच्या आवाजात म्हणालो, "मोकळ्या मनानं सांग. कुणाचं दडपण घेऊ नको."

"हां, अगदी मोकळ्या मनानं!" लतानं जोर दिला. (तो जोर मला तेव्हाच खटकायला हवा होता.)

गणूनं घसा साफ केला. "लांबच्या विद्यापीठात प्रयोगशाळा लई भारी हाय..."

लता खुलली. मी खोकलो.

"...पण बंद असती!"

मी खुललो. लताच्या बांगड्या वाजल्या.

"...म्हणजे, रविवारी!"

"आन् मेसचं जेवण, मामा?" प्रतीक्षानं विचारलं.

"जेवण एकदम बेकार!" मी मान डोलावली. बांगड्या पुन्हा वाजल्या. "...जवळच्याचं!"

"गण्या!" मी ओरडलो.

"न्हाई न्हाई, दोन्हीकडं बेकार! म्हणजे दोन्हीकडं झकास! अवो दाजी, माझा लई गोंधळ व्हायलाय. तुमी सांगितलेलं आधी सांगू, का अक्कानं सांगितलेलं?"

मी लताकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

"तूबी?" मी म्हणालो.

"मंग?" लता उसळली. "मला दहावीनंतर माहेरच्या चकलांब्यातून तालुक्याला गेवराईला शिकायला धाडलं न्हाई कुणी. 'लांब पडतंय' म्हणले! माझ्या पोरीला तेच ऐकवू का? आन् तुमी तर मधी पडणार नव्हता ना?"

मी उगीच फोनचा आवाज कमी-जास्त केला.

प्रतीक्षा मात्र पोट धरून हसत होती. "पप्पा, मी मागच्या आठवड्यात मैत्रिणीच्या लग्नाला गेलते ना? लग्न नव्हतंच. मी दोन्हीकडं जाऊन बघून आले."

"मंग मामाला कावून विचारलं?"

"तुम्ही दोघं काय करता ते बघायला!"

तिनं जवळचं ठरवलं होतं. तिथल्या एक मॅडम कापसाच्या बोंडअळीवर काम करतात, आमच्याच भागातल्या शेतांतून नमुने नेतात. लांबच्या ठिकाणी यंत्रं देखणी, पण त्यांना हात लावायला नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही, असं तिथल्याच पोरींनी तिला सांगितलं होतं. लताचा चेहरा उतरला, तशी ती आईला बिलगली. "पीएच.डी.ला लांब जाईन, आई. तेव्हा तुलाबी नेईन."

मी मात्र जिंकल्यासारखा मिशीवरून हात फिरवत राहिलो, तो थेट तिला होस्टेलवर सोडेपर्यंत. गेटातून आत जाताना तिनं मागं वळून हात केला आणि माझी मिशीच थरथरायला लागली! परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी उपरण्यात तोंड खुपसलं आणि मनसोक्त रडून घेतलं. कंडक्टर तिकिटाला येऊन थांबला.

"काका, काय झालं? पोरीला सासरी सोडून आलाव का?"

"न्हाई," मी हुंदका आवरला, "शिकायला सोडली... लई लांब!"

"कुठं?"

मी मागं, नुकत्याच सोडलेल्या स्टँडाकडं बोट दाखवलं. त्यानं मागं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तिकीट फाडत म्हणाला, "काका, मी तर इथं रोज जाऊन येतो. आमच्या घरी कुणी साधं टाटाबी करत न्हाई!"