दादांच्या हातची गाठ

मंडळी, आज आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं तेरावं झालं. दुसऱ्या महायुद्धात आष्ट्याहून नौदलात गेलेला माणूस. दर्या सुटला, पण नातवंडांच्या पाळण्यापासून म्हशीच्या दाव्यापर्यंत सगळीकडं जहाजावरचीच गाठ मारायचे.

सकाळी मांडवासाठी अंगणातली धुण्याची दोरी काढायची होती. दादांनी मारलेली गाठ मला सुटेना, म्हणून विळा आणला.

आई ओरडली, "कापू नगंस रं!" तिनं एक टोक ओढलं आणि गाठ अलगद सुटली.

संध्याकाळी मांडव निघाला. दोरी परत बांधायला घेतली, तर आई ती हातात धरून नुसती उभी.

"सोडायचं शिकीवलं त्यांनी," ती म्हणाली. "बांधायचं ऱ्हाऊनच गेलं."

धुणं अजून बादलीत आहे. तुमच्यात कुणी नौदलातलं असेल तर सांगा, ही गाठ कशी मारतात?