बानाबाईची घागर

श्रीधरराव देऊळगावकरांनी गुरुवारी दुपारी, जेवण झाल्यावर, बसल्या जागी एक अख्खं गाव नासवलं. गाव खरं नव्हतं, हा त्यातल्या त्यात दिलासा. ते त्यांच्या मुलीच्या, स्वरदाच्या, लॅपटॉपमध्ये होतं.

स्वरदा एका छोट्या गेम कंपनीत होती. श्रीधरराव नातेवाइकांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगत, कारण त्यापुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. गेममध्ये खेळणारा नायक होऊन तलवार घेऊन हिंडतो. गावात बाकी जी माणसं नुसती उभी असतात, त्यांना माणसासारखं वागायला लावणं हे तिचं काम. ती कंपनीत आली तेव्हा गेममधला लोहार दिवसरात्र थंड लोखंड बडवायचा, आणि त्याच्या झोपडीला आग लागली तरी ‘या पाहुणे, तलवार घ्या’ म्हणायचा. स्वरदानं गावाला तहान, झोप आणि आठवण दिली. शिवाय चुगलीचीही सोय केली. त्या आठवणीला बाहेरून कुणी हात लावायचा नाही, हा नियमही तिचाच.

हे सगळं ती शिकली ते राहत त्या छावणी भागातल्या टँकरच्या रांगेत. दुष्काळाच्या त्या वर्षांत शहर वाढत वाढत बिडकीन गावाच्या दिशेनं धावत सुटलं होतं. बिल्डर ‘लेक व्ह्यू’चे फ्लॅट विकत होते आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही त्याच्या मनात असलं तर. बायका रांगेत घागर ठेवून घरी भाकरी टाकायला जायच्या. माणसाच्या जागी घागर उभी, आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. श्रीधररावांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते घरी बसून पाण्याच्या नियोजनावर बोलत. पाणी त्यांची बायको कालिंदीबाई आणि स्वरदा आणत.

तर शनिवारी पुण्याची माणसं गेम बघायला येणार होती. त्यांना पसंत पडला तरच काम पुढं चालणार, नाहीतर कंपनीला कुलूप. नवख्याला जमतं का बघावं, म्हणून स्वरदानं वडिलांना खेळायला बसवलं. ते विहिरीवर गेले, तर नुसत्या घागरी मांडलेल्या, माणूस एक नाही. शोभेच्या असतील असं समजून त्यांनी पहिली घागर बाजूला सारली आणि आपली मांडली.

ती घागर मेंढरं राखणाऱ्या बानाबाईची. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. लोहारानं पाठ फिरवली. बानाबाई म्हणाली, “लई शाना हाय. दुसऱ्याची घागर सरकवितो, आन् वर वाट इचारतो.”

गेममधल्या लपलेल्या बारवेची, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीची, वाट एकट्या बानाबाईला ठाऊक, आणि पुण्याच्या लोकांना दाखवायचं सगळं त्या बारवेतच. गाव पुन्हा पहिल्यापासून सुरू करून मुरवायला वेळ नव्हता. कालिंदीबाई म्हणाल्या, “एक काम सांगितलं, तेही बसून करायचं.”

शुक्रवारी श्रीधररावांनी दिवसभर प्रायश्चित्त घेतलं. गेममध्ये ते रांगेत शेवटी उभे राहिले, आपला नंबर म्हाताऱ्यांना दिला, बानाबाईच्या दारात पाणी पोचवलं. तिनं ते मेंढरांना पाजलं आणि दार लावून घेतलं. त्याच दुपारी खरोखरच्या नळाला पाणी आलं. कालिंदीबाई बादल्या घेऊन जा-ये करत होत्या, आणि श्रीधरराव स्क्रीनवरची नजर न काढता त्यांना वाट मिळावी म्हणून पाय वर घेत होते.

शनिवारी सकाळी ते पुन्हा बसले, तर बानाबाईनं स्वतःहून हाक मारली, “या पावनं, बसा.” वाटही दाखवली. पुण्याची माणसं खूश होऊन गेली. कंपनी वाचली.

संध्याकाळी चहा घेताना श्रीधररावांना भरून आलं होतं. माणूस निष्ठेनं राबला की समोरचा पाझरतोच, हे त्यांनी कालिंदीबाईंना दोनदा ऐकवलं. मग स्वरदाकडे वळून म्हणाले, “बघ, बानाबाईनं शेवटी मला माफ केलंच ना?”

“नाही हो बाबा, ती करतच नव्हती, सकाळी मीच तिची आठवण पुसली.”